पोळ्याची सेवा: आवतनापासून करीपर्यंत

पोळा श्रावण अमावास्येला येतो, पण त्याची तयारी आठ-दहा दिवस आधी कोठ्यातच, म्हणजे गोठ्यातच, सुरू व्हायला हवी. खांदा शेकणं, आंघोळ, नवी वेसण, शिंगांची सजावट, पुरणाचा घास हे सगळे बैलाला हात लावून करायचे विधी आहेत. जिथे हात लागतो ती प्रत्येक जागा वर्षभराच्या कामानं झिजलेली असते. डवरणीचे, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीचे, फेर नुकतेच संपलेले असतात, काळ्या मातीच्या चिखलात खूर भिजलेले असतात, खांद्यावर जू घासलेलं असतं. मन लावून केलेल्या पूजेत ही सगळी दुखणी सापडतात. घाईत उरकलेल्या पूजेत ती झुलीखाली झाकली जातात. बैल गवळाऊ असो, कठाणी असो की गावरान, सेवेची रीत एकच.

आधी नुसतं सोबत बसा

पोळ्याच्या आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं बैलाजवळ बसा. मोबाइल घरी ठेवा. वेळ अशी निवडा की चारा खाऊन तो रवंथ करत बसला असेल.

जाताना मागून जाऊ नका. बैलाचे डोळे बाजूला असल्यानं त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचा भाग दिसत नाही. तिथून अचानक हात पडला की तो दचकतो आणि लाथ बसते. खांद्याच्या बाजूनं, रोजच्या हाकेनं हाक देत जा. पहिला हात कपाळावर ठेवू नका, समोरून आलेला हात त्याला धमकीसारखा वाटतो. गळ्याखालच्या पोळीवर, म्हणजे लोंबत्या कातडीवर, मानेच्या खालच्या अंगाला सावकाश चोळा. गायी-बैल एकमेकांना चाटतात ते डोकं, मान आणि खांदा इथेच, त्यामुळे ही जागा त्याला ओळखीची असते. बैल सैलावला की मान पुढे लांबवतो, कान बाजूला पडतात, डोळे अर्धे मिटतात. तो मान काढून घेत असेल तर त्या दिवशी तेवढ्यावरच थांबा. उद्या पुन्हा जा. जबरदस्तीनं केलेली माया जनावराला कळत नाही.

मग शांत बसून त्याचा श्वास बघा. निरोगी, बसलेल्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. एक गोळा तोंडात आला की तो चाळीस-साठ वेळा चावतो, गिळतो, क्षणभर थांबतो, आणि गळ्यातून पुढचा गोळा वर चढताना दिसतो. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खोलगट जागेवर, मूठ अलगद टेकवून ठेवा. पोट मिनिटाला एक-दोन वेळा मुठीला वर ढकलतं. त्याच्या चावण्याच्या लयीत स्वतःचा श्वास संथ होऊ द्या. काही बोलायची, जप करायची गरज नाही, पण नाम घ्यावंसं वाटलं तर मनातल्या मनात घ्या. हे ध्यान रोज झालं की त्या बैलाचं ‘नेहमीचं’ काय ते तुमच्या अंगात उतरतं. रवंथ बंद पडला, भकाळी फुगली किंवा श्वास वाढला की तुम्हाला डॉक्टरच्या आधी कळेल. जनावर बोलत नाही असं आपण म्हणतो, पण ते सतत काही ना काही सांगत असतं. ऐकायला बसणारा माणूस हवा.

खांदा शेकणं

आदल्या संध्याकाळी खांदा शेकतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून बैलाला बोलावणं देतात. या विधीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण नांगर, वखर, डवरा, बंडी या सगळ्यांचं ओझं त्या हातभर जागेवर पडतं.

शेकण्याआधी खांदा उजेडात नीट बघा. वशिंडाच्या पुढे, जू टेकतं त्या जागी तळहात उलटा ठेवा, हाताच्या मागच्या बाजूला गरमपणा लवकर कळतो. आसपासच्या कातडीपेक्षा ती जागा गरम आहे का, केस गेले आहेत का, कातडी जाड होऊन सुरकुतली आहे का, दाबल्यावर बैल खांदा काढून घेतो का, हे पाहा. त्यावरून पुढचं ठरतं.

खांदा साधा असेल, नुसता कामानं आखडलेला असेल, तर एका बैलासाठी अर्धी वाटी तूप किंवा तिळाचं तेल आणि चहाचा एक चमचा हळद घ्या. तूप कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, चटका बसला तर थांबा. आधी गरम पाण्यात पिळलेल्या सुती फडक्यानं दहा मिनिटं शेका, फडकं थंड झालं की बदला. मग कातडी कोरडी पुसून हळदीचं तूप लावा. रीतीप्रमाणे पळसाच्या पानानं लावा, पण नंतर तळहातानं वशिंडाकडून मानेकडे पाच-सात मिनिटं चोळा. पानानं टिपका लावून सोडलं तर विधी होतो, खांद्याला काही मिळत नाही.

खांदा ताजा सुजलेला, लाल आणि गरम असेल तर शेकू नका. गरमीनं सूज वाढते. पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या, दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं. कातडी फुटून ओलसर जखम असेल तर तिच्यावर तेल-तूप नको, त्यावर धूळ चिकटते आणि माशी बसते. अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ घालून जखम धुवा, आणि माशी दूर राहावी म्हणून जखमेच्या भोवती, जखमेवर नव्हे, निंबोळीचं तेल लावा. अळ्या पडल्या असतील किंवा टणक गाठ झाली असेल तर पशुवैद्यकाला बोलवा. गाठ घरी ब्लेडनं फोडायचा प्रकार अजूनही होतो. गाठीत पू आहे की मांस वाढलंय हे बाहेरून कळत नाही, आणि चुकीच्या गाठीवर ब्लेड चाललं तर रक्त थांबत नाही.

अशा बैलाची पूजा करा, पण जखम पूर्ण भरून तिथे नवे केस येईपर्यंत जू ठेवू नका.

खांदा का येतो, म्हणजे का सुजतो किंवा सोलतो, तेही त्याच संध्याकाळी शोधा. जू उलटं करून त्याच्या खालच्या अंगावर सुती फडकं फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे चीर किंवा कुसळ आहे, काचपेपरनं घासून गुळगुळीत करा. जोडीतल्या एका बैलाची उंची कमी असेल तर जू एका बाजूला कलतं आणि एकाच खांद्यावर भार येतो. पावसात भिजलेल्या कातडीवर ओलं जू ठेवलं की कातडी सोलते. जुवाखाली पोत्याची घडी कोंबणं हा उपाय नाही, घडी सरकते, तिच्या सुरकुत्या पडतात आणि त्याच खांदा कापतात.

आंघोळ आणि खूर

पोळ्याच्या दिवशी ऊन पडल्यावर, सकाळी नऊनंतर आंघोळ घाला. नाल्याला किंवा नदीला पूर असेल तर तिथे जाऊच नका. पोळ्याला बैल धुताना माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. हातपंपाजवळ चार-पाच बादल्या पाणी पुरतं. फवारणीचा ड्रम किंवा बादली कितीही धुतली तरी या कामाला वापरू नका. यवतमाळात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेच विष जनावराच्या कातडीतूनही आत जातं. गोचीड मारायला कपाशीचं औषध अंगावर ओतणं याच कारणानं जिवावर बेततं.

कपडे धुण्याच्या पावडरनं कातडीचं तेल निघून जातं आणि खाज सुटते. रिठा किंवा शिकेकाईचं पाणी, आणि घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा काथ्या. आधी केसांच्या उलट्या दिशेनं, मग सुलट. कानात पाणी जाऊ देऊ नका. गोचीड कानाच्या आत, शेपटीखाली, मांड्यांमध्ये आणि गळ्याच्या पोळीत दडतात. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि रॉकेलच्या डबीत टाका, हातानं चिरडू नका. आंघोळीत अंगावर बोराएवढ्या टणक गाठी हाताला लागल्या आणि ताप असेल तर लम्पीची शंका घ्या. तो बैल वेगळा बांधा, आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मैदानावर, नेऊ नका, त्याची पूजा कोठ्यातच करा.

पाय एकेक उचलून खुरांच्या बेचक्यात बघा. बाभळीचा काटा, खडा, सडका वास, यातलं काही असेल तर बेचकं धुऊन लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिक्कट गुलाबी पाण्यात पाच मिनिटं पाय बुडवा. चिमूटभर औषध बादलीभर पाण्याला पुरतं, पाणी गडद जांभळं झालं तर कातडी भाजते. नाल हलत असेल तर नालबंदाला दाखवल्याशिवाय मिरवणूक नको.

वेसण आणि शिंगं

नवी वेसण सुताची किंवा अंबाडीची घ्या. नायलॉन दिसायला चकचकीत, पण ओढ बसली की नाकाचा पडदा कापतो. नवी दोरी पाण्यात दहा मिनिटं उकळा, थंड करून खोबरेल लावा. जुनी वेसण नाकपुडीजवळ कापा आणि नव्या दोरीचं टोक जुनीच्या टोकाला सुईदोऱ्यानं शिवा. गाठ मारू नका. गाठ पडद्याच्या भोकातून जाताना आतली कातडी फाटते आणि बैल त्या दिवसापासून नाकाला हात लावू देत नाही. शिवलेली दोरी दुसऱ्या बाजूनं सावकाश ओढून घ्या. नाकातून रक्त किंवा घाण वास येत असेल तर वेसण बदलणं पुढे ढकला.

शिंगं साळू नका. शिंगाच्या आत जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात, वरचं कवच पातळ केलं की आतल्या भागाला मार बसतो. शिंगाचा कर्करोग आपल्या देशी बैलांमध्ये आढळतो आणि शिंगाला सतत होणारी इजा हे त्याचं एक कारण मानलं जातं. बैल वारंवार डोकं झटकत असेल, एक शिंग कलत असेल, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येत असेल तर लगेच तपासून घ्या. ऑइलपेंटही नको, आणि हिंगूळ तर मुळीच नको, त्यात पारा असतो. पाण्यात कालवलेला गेरू, किंवा तेलात हळद, एवढ्यानं शिंगं सुंदर दिसतात. बेगड चिकटवू नका, दोऱ्यानं बांधा. अंगावरचे ठसेही गेरूचेच द्या, कारण बैल स्वतःला चाटतो आणि रंग पोटात जातो.

नैवेद्य

सगळ्यात जास्त नुकसान प्रेमानं भरवण्यातून होतं. बैलाच्या पोटातले जिवाणू कडबा-कुटार पचवायला तयार झालेले असतात. एकदम पुरण, गूळ, शिजवलेली ज्वारी, पीठ गेलं की पोटात आम्ल वाढतं. बैल सुस्त होतो, रवंथ थांबतो, आंबट वासाचा पातळ पो पडतो, आणि उपचार उशिरा झाले तर तो दगावतो. रोज दाणा नसलेल्या बैलाला दिवसभरात दोन-तीन पोळ्या पुरेत. रोज ढेप (पेंड) खाणाऱ्याला चार-पाच. पोळा फुटल्यावर, म्हणजे आखरावरून बैल सुटल्यावर, घरोघरी ओवाळायला नेताना हिशेब चुकतो: दहा घरं आणि प्रत्येक घरी दोन पोळ्या. म्हणून घरच्या बायांना आधीच सांगा की पोळीचा घासभर तुकडा द्या आणि सोबत मूठभर हिरवं गवत ठेवा. गवत धुऱ्यावरचं (बांधावरचं) असेल तर शेजारच्या वावरात फवारणी झाली नाही ना, ते विचारून घ्या. सकाळी पूजेआधी पोटभर कडबा आणि पाणी दिलं की बैल गोडावर तुटून पडत नाही.

पोट बिघडल्यासारखं वाटलं तर सगळा गोडधोड खुराक बंद, फक्त कोरडा कडबा, आणि पशुवैद्यकाला फोन. काही पाजायची वेळ आली तर तोंड आभाळाकडे ताणू नका, जीभ बाहेर ओढू नका. औषध फुफ्फुसात जातं. ठसका लागला की मान लगेच सोडून द्या.

आखरावर

बैलाला माणसापेक्षा जास्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. डीजेच्या भिंतीसमोर आणि फटाक्यांजवळ तो उभा राहतो तो फक्त कासऱ्याच्या भीतीनं. बैल ज्या आंब्याच्या तोरणाखाली उभे करतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला जागा धरा. कासरा रोजच्या गड्याच्या हातात द्या, वर्षभर त्याच्यासोबत राबलेला तोच. बोजारा (पोळ्याची बक्षिसी) देताना त्याचाही मान त्याच बैलांसमोर करा. झूल हलकी आणि सुती, तासाभरात उतरवायची, नाहीतर खाली घाम मुरतो. तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, घरी ठेवा. पोळा फुटला की आखरावर पडलेली तार, टाचण्या, बेगड, पिशव्या वेचून घ्या. ढोरं चरताना तार गिळतात, ती पोटातून हृदयाकडे सरकते.

घरी बैल नसेल, वावर ट्रॅक्टरनं होत असेल, तर शेजाऱ्याच्या कोठ्यात आदल्या संध्याकाळी खांदा शेकायला जा. कोणी नाही म्हणत नाही.

कर आणि त्यानंतर

करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैल जुंपायचा नाही. त्या दिवशी नुसता सावलीत बांधा, शिंगांचा आणि अंगाचा रंग धुऊन टाका, ओली झूल वाळवा, पाणी तीन वेळा दाखवा आणि गव्हाणीत मिठाचा खडा ठेवा. पळसाची पानं, आंब्याचं तोरण, फुलं शेणखताच्या खड्ड्यात टाका. बेगड आणि प्लॅस्टिक त्यातून आधी वेगळं काढा.

पुढच्या दिवशी कामाला काढताना फक्त सकाळचे दोन-तीन तास. सोडल्यावर जुवाखालची घामाची खूण बघा. दोन्ही बैलांच्या खांद्यावर ती सारखी ओली असेल तर जू बरोबर बसलंय. एका बाजूला कोरडी आणि दुसरीकडे चिंब असेल तर भार कलतोय, शिवळांची (जुवातल्या खुंट्यांची) जागा बदला. बंडीला जुंपणाऱ्यांनी १९६५ चे केंद्रीय नियम लक्षात ठेवावेत: दिवसाला एकूण नऊ तास, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ बैल गाडीला नाही. संध्याकाळचं कोठ्यातलं बसणं मात्र पोळ्यानंतरही चालू ठेवा, आठवड्यातून दोनदा झालं तरी चालेल.