शेजारचा कूलर रात्रभर घरघरतो, घरमालक ऐकत नाही

उन्हाळ्यात भाड्याच्या खोलीत झोप उडवणारा आवाज बहुतेक वेळा हवेचा नसतो, लोखंडी स्टँडच्या थरथरीचा असतो. स्टँड खिडकीच्या गजाला टेकला की भिंतच वाजू लागते. शेजाऱ्याशी सकाळी, कूलर बंद असताना बोला. चारही पायांखाली जुन्या टायरचे इंचभर जाडीचे तुकडे ठेवा, गजापासून दोन बोटं अंतर सोडा आणि फटीत फोम भरा. घट्ट ठोकू नका, थरथर पुन्हा भिंतीत जाते. पाणी कमी असलं की पंप कोरडा चालून किरकिरतो. टाकी रात्री भरून ठेवायला सांगा. पंख्याचे स्क्रू कसताना प्लग काढायलाच हवा, ओल्या कूलरचा करंट जीव घेतो.

घरमालकाला तोंडी सांगण्यापेक्षा तारीख-वेळ घालून व्हॉट्सॲपवर लिहा, आठ दिवसांनी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. गावात तंटामुक्त समिती असेल तर तिथेही अर्ज चालतो. रात्री 10 ते सकाळी 6 मोठ्याने स्पीकर वाजत असेल तर थेट 112 लावा. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. मोबाइलवरचं मोजमाप अंदाजापुरतंच, आवाजाच्या तारीख-वेळेची नोंदवही जास्त कामी येते.