दार उघडल्यानंतर काय बोलायचं? छोट्या चळवळीच्या कार्यकर्त्यांसाठी

नवी चळवळ निवडणुकीच्या तोंडावर आली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी फळ्यावर रकाने आखतं: तरुण, महिला, अल्पसंख्याक, कामगार, ज्येष्ठ. प्रत्येक रकान्यापुढे एक घोषणा आणि एक पत्रक. मी कार्यकर्त्यांची शिबिरं घेते, आणि असा फळा दिसला की आधी तो पुसायला लावते. रकान्यात नीट बसणारा मतदार मला अजून भेटायचा आहे. एकच बाई रात्रपाळीची कामगार असते, अंथरुणाला खिळलेल्या आईची लेक असते आणि भाडेकरूही असते. तुम्ही दार वाजवता तेव्हा तिच्या डोक्यात यातलं काहीच नसतं, वाढून आलेलं वीजबिल असतं.

फळा पुसला की त्यावर आपलीच नावं लिहा. कोण कुठल्या गल्लीत राहतं, घरात कुठली भाषा बोलतं, कामावरून किती वाजता सुटतं. शेजारी मतदार यादी उघडा आणि आपल्यापैकी एकही माणूस जिथं राहत नाही अशा गल्ल्यांवर खुणा करा. काम तिथून सुरू करायचं. बहुतेक चळवळी उलटं करतात: ओळखीच्या गल्लीत चार फेऱ्या, अनोळखी वस्तीत शेवटच्या आठवड्यात एक कोपरा सभा, आणि मग ‘ते लोक आपल्याला मत देत नाहीत’ असा निष्कर्ष.

अनोळखी वस्तीत शिरायचा सोपा रस्ता म्हणजे तिथला पुढारी. ‘एवढी मतं माझ्या शब्दावर पडतात’ असं सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक ठिकाणी असतो. त्यांना नमस्कार करा, भांडण नको, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. ते तुमच्याशी बोलतात त्याच दिवशी आणखी दोघांशी बोललेले असतात. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार घरांत एकच प्रश्न विचारा: “कागद भरायचा असला, दवाखान्याचं काही निघालं, तर तुम्ही कुणाकडे जाता?” दोन-तीन घरांत एकच नाव आलं की तुमचा माणूस सापडला. बहुधा ती बाई असते, आणि बहुधा तिच्याकडे कसलंही पद नसतं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या जॉन्स आयलंडचं आहे. तिथं मतदार म्हणून नोंदणी करायची तर वाचून दाखवण्याची परीक्षा द्यावी लागे, आणि कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवायला तिचा पुरेपूर वापर होई. एसॉ जेन्किन्स नावाचे कार्यकर्ते स्वतःची बस चालवत आणि प्रवाशांना त्या परीक्षेची तयारी करून देत. 1957 मध्ये तिथं प्रौढांसाठी नागरिकत्वाचे वर्ग सुरू झाले. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिका त्यामागे होत्या, पण शिकवायला त्यांनी शिक्षक घेतला नाही. निवड झाली बर्निस रॉबिन्सन यांची, ज्या केशभूषेचा आणि शिवणकामाचा व्यवसाय करत. पोटासाठी त्या गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हत्या, त्यामुळे त्यांची नोकरी कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. शिवाय माणसांना समोर बसवून बोलतं करण्याची त्यांना रोजची सवय होती. त्यांनी आधी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? लोकांना बायबल वाचायचं होतं, दूर गेलेल्या मुलांना पत्रं लिहायची होती, फॉर्म भरायचे होते. वर्ग त्यावरून सुरू झाला आणि नोंदणीची परीक्षा त्याच ओघात आली. पुढे असे वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी निघाले.

तुमच्या वस्तीतली ती बाई सापडली की तिला स्टेजवर चढवू नका. तिच्या घरी बैठक घ्या. अशा घरबैठकांसाठी ओळखले जाणारे अमेरिकन संघटक फ्रेड रॉस यांनी लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या मतदारांत 1947 पासून संघटना उभी केली. 1949 मध्ये एडवर्ड रॉयबल तिथल्या नगर परिषदेवर निवडून आले, त्यामागे याच संघटनेनं केलेली मतदार नोंदणी होती. पद्धत साधी आहे. निमंत्रण यजमानानं स्वतः द्यायचं, चळवळीच्या नावानं नाही. माणसं आठ-दहा, त्याहून जास्त झाली की मागची गप्प होतात. तुमचं बोलणं थोडक्यात, बाकी वेळ त्यांचा. उठायच्या आधी एकच विचारायचं: पुढची बैठक कुणाच्या घरी? कुणीच हात वर केला नाही तर बैठक गप्पांवरच संपली असं धरा आणि यजमानाला नंतर एकटं गाठून विचारा की काय खटकलं.

आता दाराबद्दल. अमेरिकेत न्यू हेवनमध्ये 1998 च्या निवडणुकीत ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी सुमारे 30,000 मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या घरी माणूस गेला, काहींना पत्र गेलं, काहींना फोन. घरी जाऊन बोलल्यानं मतदान चांगलंच वाढलं, पत्रानं किंचित, फोननं वाढलंच नाही. तरी पुष्कळ चळवळी अजूनही हजारो लोकांना एकच मेसेज पाठवून ‘पोचलो’ म्हणतात.

मात्र दार वाजवून पत्रक सरकवणं म्हणजे घरी जाणं नव्हे. शिबिरात मी हा संवाद जोडीनं करून घेते.

“मावशी, नमस्कार. दोन मिनिटं बोलू का?”
“मतं मागायला आलात ना? निवडणूक आली की सगळे येतात.”

इथं नवखा कार्यकर्ता हमखास म्हणतो, “नाही मावशी, आम्ही तसले नाही.” आणि तिथंच दार अर्धं लागतं. त्याऐवजी:

“हो, मतं मागायला आलोय. पण मागच्या वेळी कोण आलं होतं, काय सांगून गेलं?”

मावशी सांगतात. मध्येच तोडायचं नाही. मग: “त्यातलं काही झालं?” मग: “घरात सगळ्यांत जास्त त्रास कशाचा?” आपलं म्हणणं आता मांडायचं, तेही त्यांनी सांगितलेल्या गोष्टीला धरून. जाहीरनाम्यातले सगळे मुद्दे सांगायचा मोह आवरा, एक पुरे.

मतभेद खोल असतील, समोरच्याच्या मनात एखाद्या समाजाबद्दल अढी असेल, तेव्हा आकडे आणि युक्तिवाद कामाला येत नाहीत. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कॅला यांचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला मायामीतला अभ्यास याच प्रश्नावर होता. कार्यकर्ते ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल सुमारे दहा मिनिटं बोलले, पण व्याख्यान दिलं नाही. ‘आपण वेगळे आहोत म्हणून कुणी तुम्हाला कधी नावं ठेवली होती का?’ अशा धर्तीवर त्यांनी समोरच्याला स्वतःचा अनुभव आठवायला लावला. अढी कमी झाली आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. गंमत म्हणजे दारावरच्या संवादानं मतं बदलतात असं सांगणारा आधी गाजलेला एक अभ्यास बनावट असल्याचं या दोघांनीच एका सहकाऱ्यासोबत उघड केलं होतं, म्हणून त्यांच्या निष्कर्षावर माझा जरा जास्त विश्वास आहे. हे काम वेळखाऊ आहे. शेवटच्या आठवड्यात होत नाही.

दारावरून निघालात की जिना उतरायच्या आत वहीत लिहा. ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ अशा नोंदी नकोत, त्यावरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. त्यांचे शब्द लिहा: ‘दुसरा मजला, डावीकडचं दार. नळाला पाणी पहाटे, तेव्हा त्या कामावर असतात. अर्ज दोनदा दिला, पोच नाही. संध्याकाळी सातनंतर या म्हणाल्या.’ जात, धर्म आणि मत कुणाला देणार हे मात्र लिहायचं नाही. वही हरवते, फोटो फिरतात, आणि मग भोगतात ते दार उघडणारे. तुमच्या देशात अशी माहिती साठवण्याचे कायदे काय आहेत, ते प्रचाराच्या आधी एकदा वकिलाकडून समजून घ्या.

भाषेचं थोडक्यात. मूळ पत्रक लिहून मग त्याचं भाषांतर करून घेऊ नका. ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाला मुद्दा सांगा आणि त्यालाच पहिल्यापासून लिहू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच माणसाच्या आवाजात मिनिटभराचा ऑडिओ. आणि सभा जिना चढावा लागेल अशा जागी नको, सगळ्यांना चढता येत नाही.

मुद्दा कुठला घ्यावा यावर बैठकीत तासन्‌तास वाद होतात. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वह्या शेजारी ठेवल्या तर बराचसा वाद मिटतो. राजस्थानात 1990 मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं किमान मजुरी न मिळण्याचा प्रश्न हातात घेतला. 1994 पासून जनसुनवाईत हजेरीपटावरची नावं आणि रकमा मोठ्यानं वाचून दाखवल्या. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्यातूनच आली. मजुरी बुडालेला माणूस कुठल्याही जातीचा असला तरी त्या यादीत स्वतःचं नाव ऐकायला येणारच. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यामागच्या चळवळीला इथूनच बळ मिळालं.

सगळं जुळतंच असं नाही. दोन वस्त्यांचं हित कधी सरळ आडवं येतं: एकीला रस्ता रुंद हवा, दुसरीची घरं त्यात जातात. अशा वेळी एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं बोलण्याचा मोह होतो. करू नका. सकाळी एका सभेत बोललेलं दुपारपर्यंत दुसऱ्या वस्तीच्या ग्रुपवर व्हिडिओसकट पोचतं. दोन्हीकडे तेच बोला, आणि ठरलेलं नसेल तर ‘ठरलेलं नाही, ठरवायला तुमचा माणूस पाठवा’ असं सांगा.

हा ‘तुमचा माणूस’ फोटोपुरता नको. 1964 मध्ये मिसिसिपीतून कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या फॅनी लू हेमर आणि त्यांचे सहकारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात आपल्या प्रतिनिधित्वाचा हक्क मागायला गेले. पक्षानं दोन जागा देऊ केल्या, आणि त्या कुणाला द्यायच्या हेही पक्षानंच ठरवलं. त्यांनी त्या नाकारल्या. नव्या वस्तीतून दोघं-तिघं कामाला लागली की त्यांना उमेदवार निवडीच्या, पैशांच्या आणि वेळापत्रकाच्या बैठकीत बसवा. बैठक त्यांच्या कामाच्या पाळीच्या वेळेत ठेवाल तर न बोलावल्यासारखंच आहे.

निकाल लागला की, जिंकलात तरी हरलात तरी, पंधरवड्याच्या आत त्याच दारांवर जा. भाषण नको, पाण्याच्या अर्जाचं काय झालं एवढंच सांगा, काही झालं नसेल तर तेही सांगा. जाताना जुनीच वही न्या. नवी काढलीत तर सगळं पहिल्यापासून विचारावं लागेल, आणि मावशी दुसऱ्यांदा सांगत बसणार नाहीत.