'आर' वापरलं, पण संदर्भ दिलाच नव्हता

रंकाळ्याच्या पाण्याच्या सॅम्पलवरचा पेपर परत आला, मोठा आक्षेप एकच, सॉफ्टवेअरचा संदर्भ नाही. आकडेमोड सगळी आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली, पण मी आपलं मेथड्समध्ये 'आर वापरलं' एवढंच ठोकून दिलेलं. गाइड मॅडम म्हणाल्या, फुकट मिळतंय म्हणून नाव पण द्यायचं नाही व्हय रे? लागलं जरा.

मग कळलं की हे आरलाच विचारायचं असतं! कन्सोलमध्ये सायटेशन लिहून पुढं रिकामा कंस टाकला की आर कोअर टीमचा अख्खा संदर्भ येतो, व्हिएन्नाच्या फाउंडेशनसकट, खाली बिबटेक (संदर्भ यादीत थेट टाकायचा फॉरमॅट) पण तयार. कंसात अवतरणचिन्हात पॅकेजचं (आरला वरून जोडायच्या भागाचं) नाव टाकलं की त्याचा वेगळा, एलएमई४ या पॅकेजला तर २०१५ चा जर्नल पेपरच आला.

गोची व्हर्जनची झाली. काम डिपार्टमेंटच्या जुन्या पीसीवर केलेलं आणि माझ्या लॅपटॉपवर नवीन आर, सायटेशन तर ज्या मशीनवर चालवाल तिथल्याच व्हर्जनचं दाखवतं, म्हणून शनिवारी लॅब उघडायला लावून त्या पीसीवर सेशनइन्फो (आर आणि पॅकेजची व्हर्जनं दाखवणारी कमांड) चालवलं, शिपाईमामांना चहा पाजावा लागला तो वेगळाच.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या एका टूलला पेपरच नव्हता, पण झेनोडो या संशोधनाचा डेटा-कोड जपणाऱ्या साइटवर त्याचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) सापडला. तिथं प्रत्येक व्हर्जनचा वेगळा असतो, आपण वापरलेल्याचाच घ्यायचा.

काल परत सबमिट केला.