बोअरची मोटर वारंवार जळते? परत सोडण्याआधी हे तपासा

बोअरची मोटर पाच-सात वर्षं चालून एकदा जळली, तर रिवाइंड करा, म्हणजे आतलं वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेढे) नव्याने भरून घ्या, आणि विसरून जा. पण वर्ष-दीड वर्षात दुसऱ्यांदा जळली, तर ती रिवाइंड करून तशीच परत सोडू नका. तिसऱ्यांदा जळणारच.

आमचं घर लातूरला. बोअर ३२० फूट, दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी मोटर) २८० फुटांवर लटकवलेली. चौदा महिन्यांत ती तीनदा जळली. दर वेळी मोटर काढणाऱ्याचं एकच उत्तर, "दादा, लाइटीचा प्रॉब्लेम आहे, मोटरीचा काय दोष?" मी स्टॅबिलायझर बसवला, तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी मोटर दुकानात जाऊ दिली नाही. अंगणात पोतं अंथरून ती माझ्यासमोर उघडायला लावली.

आपण ज्याला सरसकट 'मोटर' म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. खाली मोटर, वर पंप, मधे कपलिंग. वाइंडिंगवाला फक्त खालचा भाग बघतो, कारण त्याचा धंदा तोच. आम्ही वरचा पंप सुटा केला आणि शाफ्टला पकड लावून फिरवून पाहिला. हलेना. आतले प्लॅस्टिकचे इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या फिरत्या चकत्या, वितळून बाजूच्या वाटीला चिकटले होते, कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. हे काम लाइटीचं नाही. पंप पाण्याशिवाय फिरला की इंपेलर तापतात, मऊ होतात आणि थंड होताना जागीच धरून बसतात. पुढच्या वेळी बटण दाबलं की मोटर जोर लावते, पंप फिरत नाही, करंट कितीतरी पटीने वाढतो आणि वाइंडिंग जळतं. दुकानात पोचते ती काळी पडलेली वाइंडिंग, आणि दोष जातो व्होल्टेजला.

म्हणून पहिला नियम: मोटर जळून वर आली की वाइंडिंगच्या आधी पंपाचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर दोष बहुतेक विजेच्या बाजूला. जाम असेल तर पाणी संपतंय किंवा वाळू-गाळ ओढला जातोय.

वर काढण्याआधी पॅनेल

मोटर काढायला माणसं बोलावण्याआधी पॅनेल बघा. मेन स्विच खाली पाडा, नुसतं पॅनेलचं बटण बंद करून चालत नाही. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो, तो उतरवल्याशिवाय हात लावू नका. कपॅसिटर फुगलाय किंवा तेल गळतंय असं दिसलं तर बदला, पण जुन्यावर जेवढे एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरची क्षमता) लिहिलेत तेवढ्याचाच बसवा. 'जोर येईल' म्हणून मोठा बसवणारे बरेच भेटतात, त्यांचं ऐकू नका.

मग मोटरीच्या तिन्ही वायरी सुट्या करून दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. तीन आकडे येतील. त्यातला मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग तुटलेलं नाही. अर्थ लीकेज (वीज जमिनीत गळणं) मात्र मल्टीमीटरवर भरवशाने कळत नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो. केबल पाण्यात असताना १ मेगाओहमपेक्षा कमी आलं, तर केबल, जॉइंट किंवा मोटर यांतलं काहीतरी पाणी पितंय.

बोअर किती पाणी देतो ते मोजा

हीच पायरी मला जमत नव्हती, आणि सगळे सल्ले हीच गाळतात. 'दोन इंच पाणी लागलंय' हे बोअर घेतला त्या दिवशीचं बोलणं असतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. दिवाळीत भरभरून वाहणारी भेग मे महिन्यात नुसती पाझरते. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा गल्लोगल्ली बोअर कोरडे होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चारदा मोजते. घरच्या बोअरची निदान दोनदा मोजा, आणि त्यातली एक वेळ मे असलीच पाहिजे. ऑक्टोबरच्या आकड्यावर मोटर निवडली की ती उन्हाळ्यात जळते. माझी तशीच जळली.

आधी स्थिर पातळी. रात्रभर पंप बंद ठेवा आणि सकाळी मोजा. दोरीला नटबोल्ट बांधून बोअरमध्ये सोडू नका. मी सोडला होता, तो पाइप आणि केबलच्या मधे अडकला आणि ओढताना केबल सोलली गेली. बारीक दोन-पदरी वायर घ्या, टोकाला दोन्ही तारा थोड्या उघड्या ठेवा आणि एकमेकींना टेकणार नाहीत अशा बांधा. वरची टोकं मल्टीमीटरला ओहमवर लावा. तारा पाण्याला टेकल्या की काटा हलतो. वायरीवर दर दहा फुटांना खूण करून ठेवली की खोली लगेच वाचता येते. पुढच्या वेळी मोटर सोडाल तेव्हा पाइपासोबत अर्धा इंची प्लॅस्टिकची नळी मोटरीच्या थोडं वरपर्यंत बांधून टाका. वायर त्या नळीतून सोडायची, म्हणजे अडकायचा प्रश्नच उरत नाही.

माझी मे महिन्यातली पातळी १७० फूट आली. मोटर २८० वर. म्हणजे मोटरीच्या डोक्यावर ११० फूट पाण्याचा खांब. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात सुमारे साडेसहा लिटर पाणी मावतं, म्हणजे साठा साधारण ७१५ लिटर.

आता पंप चालू करा, टाकीवर एक माणूस बादली आणि घड्याळ घेऊन उभा करा आणि तुम्ही अँपिअरच्या काट्यासमोर बसा. आमची २० लिटरची बादली २५ सेकंदांत भरत होती, म्हणजे मिनिटाला ४८ लिटर. काटा ९.६ वर. एकोणिसाव्या मिनिटाला काटा थरथरायला लागला, वरून मुलगी ओरडली, "बाबा, पाइप थुंकतोय!" आणि काटा एकदम ६ वर आला. त्याच क्षणी बंद केलं. चाचणी करताना तिथून हलायचं नाही, चहालासुद्धा नाही.

आता हिशेब. ७१५ लिटरचा साठा १९ मिनिटांत संपला, म्हणजे मिनिटाला जवळपास ३८ लिटरने पातळी उतरत होती. पंप ४८ उपसतो, ३८ साठ्यातून गेले, उरलेले १० लिटर भेगांतून येत होते. खात्री करायची तर बंद केल्यावर बरोबर दहा मिनिटं थांबा, परत चालू करा आणि थुंकायला लागेपर्यंत किती पाणी येतं ते मोजा. आमच्याकडे १०० लिटरच्या आसपास आलं. हिशेब जुळला.

मिनिटाला १० लिटर ऐकून घरचे घाबरले. पण दिवसाला ते १४,००० लिटरच्या वर होतं, आणि माणशी १३५ लिटर धरले तरी पाच जणांना ७०० लिटर पुरतात. पाणी होतं. आम्ही ते पाचपट वेगाने उपसत होतो. मोठी मोटर टाका, बोअर अजून १०० फूट खाली न्या, असं सांगणारे त्या वर्षी चार जण भेटले. मोठी मोटर टाकली असती तर १९ मिनिटांचं १० मिनिटांवर आलं असतं. खाली पाषाणात पाणी लागेलच याची खात्री कोण देतो?

उपाय सोपा आहे. मोटर बदलायची वेळ आलीच असेल तर लहान घ्या, पण हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, बघूनच. बदलायची नसेल तर डिलिव्हरीला (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला) गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह दाबा, पूर्ण बंद मात्र कधी करू नका. आणि मे महिन्यात पंधरा मिनिटं चालवा, दीड तास विश्रांती द्या.

ड्राय रन प्रिव्हेंटर

हा, म्हणजे पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा स्विच, बसवाच, पण दुकानातून आला तसा ठेवू नका. मी करंटवर चालणारा वापरतो. बोअरमध्ये सेन्सर सोडणारे इथल्या क्षारांनी काही महिन्यांत पांढरे पडतात आणि खोटं सांगायला लागतात. करंटवाल्याची सेटिंग तुमच्या काट्यावरून ठरते. आमची भरल्या पाण्याला ९.६, हवा मारताना ६, म्हणून मी ७.५ वर लावला. व्होल्टेज बदललं की हे आकडे सरकतात, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी सातला, दोन्ही वेळी मोजून मगच सेटिंग पक्की करा. परत चालू होण्याची वेळ दीड तास ठेवा. पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालू होणारं यंत्र मोटर जपत नाही. ते तिला दिवसभरात वीस वेळा कोरडी फिरवतं.

ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्विच) सारखा पडतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवून वाढवून देणारा माणूस दारात उभा करू नका. आमची मोटर दुसऱ्यांदा जळली ती अशीच. जाम पंपावर ओव्हरलोड बरोबर पडत होता. तो वाढवल्यावर संध्याकाळपर्यंत मोटर गेली.

केबल आणि जॉइंट

पॅनेलवर २०५ व्होल्ट दिसतात म्हणजे मोटरीला २०५ मिळतात असं नाही. आमच्याकडे पॅनेलपासून मोटरीपर्यंत ११० मीटर केबल आहे, जाऊन-येऊन २२०. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्यात तेवढ्या अंतरावर ९.६ अँपिअरला २५ व्होल्ट गळतात, अडीचच्या केबलला पंधरा-सोळा. सुरू होताना करंट कितीतरी पट असतो, तेव्हा गळतीही तितकीच वाढते. २०० फुटांच्या खाली मोटर असेल तर अडीचचीच केबल घाला.

जॉइंटला तिन्ही वायरी वेगवेगळ्या लांबीवर कापा, म्हणजे जोड एकमेकांसमोर येत नाहीत. आधी रबरी टेप ताणून, मग वरून पीव्हीसी टेप. सोडण्याआधी जॉइंट तासभर बादलीत बुडवून ठेवा आणि मेगर लावा. खाली गेल्यावर कळण्यापेक्षा बादलीत कळलेलं स्वस्त पडतं. मोटरीचं वजन दोरीवर आणि पाइपावर, केबलवर कधीही नाही. आणि ती तळापासून किमान २० फूट वर ठेवा. गाळात रुतलेल्या मोटरीची उष्णता बाहेर पडत नाही.

सोडून झाल्यावर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, स्थिर पातळी, भरल्या पाण्याचे अँपिअर, हवेवरचे अँपिअर आणि कोरडं पडायला लागलेली मिनिटं लिहून ठेवा. आमच्या दारावर आता सहा ओळी झाल्यात. यंदाच्या ऑक्टोबरमध्ये अँपिअर ९.६ वरून ८.७ वर आलेले दिसले, पातळी मात्र चांगली होती. पंप उघडला तर वाळूने इंपेलर घासले होते. ते बदलून तीच मोटर परत सोडली, वाइंडिंगला हात लावावा लागला नाही.