काउंटरवरचा चौकटींचा फळा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणाऱ्यांइतकीच माणसं हल्ली सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज नाहीतर दहावीचा निकाल बघायला येतात. गूगलवर ‘सातबारा’ टाकलं की वर जाहिराती, त्याखाली सरकारी वाटाव्यात अशा खाजगी साइट, आणि खरी साइट मधेच कुठेतरी. म्हणून काउंटरच्या संगणकावर मी सिंबालूचा फळा लावलाय. हे मूळचं नेदरलँड्समधलं साधन. एका पानावर रंगीत चौकटी, एक चौकट म्हणजे एक साइट. असल्या पानाला ते वेबमिक्स म्हणतात. साध्या वापराला पैसे पडत नाहीत.

खातं उघडताना स्वतःचा खाजगी ईमेल देऊ नका, वाचनालयाच्या नावाचा वेगळा काढा. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर फळा त्यांच्या हाती देता आला पाहिजे. मग नवं वेबमिक्स घ्यायचं, रिकाम्या चौकटीवर क्लिक करायचं, पत्ता चिकटवायचा, नाव द्यायचं, रंग निवडायचा. चौकट माउसने धरून हवी तिथे सरकवता येते. हे सगळं अर्ध्या तासात जमतं.

खरं डोकं लागतं ते नावं देताना. चौकटीवर ‘महाभूलेख’ (जमिनीच्या नोंदींची सरकारी साइट) लिहिलं तर लोक विचारतात, “ताई, ह्यातलं कुठलं दाबू?” माणूस खात्याचं नाव घेऊन येत नाही, काम घेऊन येतो. आमच्या फळ्यावर म्हणून सातबाऱ्याच्या दोन चौकटी शेजारी शेजारी आहेत: ‘सातबारा, नुसता बघायला’ आणि ‘सातबारा, सहीचा, १५ रुपये’. पहिली भूलेखची. तिथे उतारा फुकट दिसतो, पण तो कायदेशीर कामाला चालत नाही. दुसरी डिजिटल सातबाऱ्याची. तिथे पैसे भरून डिजिटल सहीचा उतारा मिळतो आणि तो बँकेत देता येतो. हा फरक आधी प्रत्येकाला तोंडी सांगावा लागायचा. आता चौकटच सांगते.

रंगही कामाप्रमाणे. शेतीचं हिरवं: सातबारा, महाडीबीटी या सरकारी योजनांच्या साइटचं शेतकऱ्यांचं पान, बाजारभावासाठी अ‍ॅगमार्कनेट. शाळा-कॉलेजचं निळं: महाडीबीटीची शिष्यवृत्ती, ई-बालभारतीची पुस्तकं, बोर्डाचा निकाल. दाखल्यांसाठी आपले सरकार, कागदपत्रांसाठी डिजिलॉकर. आणि एक कोपरा माझ्या हौसेचा, पिवळा: मराठी विश्वकोश आणि मराठी विकिस्रोत. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही, पण वाचनालय आहे, ती चौकट मी काढणार नाही. एकूण चौकटी मात्र एका नजरेत मावतील एवढ्याच ठेवा. सगळंच लावलं की पुन्हा शोधणं आलं.

चौकट लावण्याआधी पत्ता नीट वाचून घ्या. बहुतेक सरकारी साइटच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असतं, पण तेवढ्यावर जाऊ नका. बोर्डाच्या आणि ई-बालभारतीच्या साइटच्या शेवटी नुसतं ‘डॉट इन’ आहे. म्हणूनच एकदा खात्री करून लावलेल्या चौकटीला किंमत आहे.

फळा इतरांना द्यायचा असेल तर शेअरमध्ये जाऊन लिंक घ्यायची. सगळ्यांसाठी जाहीर करायची गरज नाही, लिंक असेल त्यालाच दिसेल असं ठेवा. ती गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकली की झालं. क्रोममध्ये त्या पानावर उजवं क्लिक केलं की क्यूआर कोड काढायचा पर्याय येतो. मी तो छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. कॉलेजची पोरं उभ्या उभ्या स्कॅन करून जातात, रांग कमी होते.

आता संगणकाकडे वळू. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की दुसरा, आभासी डेस्कटॉप उघडतो. विंडोज, कंट्रोल आणि बाण दाबून इकडून तिकडे जाता येतं. एकावर माझं देवघेवीचं रजिस्टर, दुसऱ्यावर फळा. सोय उत्तम, पण हे कुलूप नव्हे. समोरच्यानं तीच बटणं दाबली की रजिस्टर त्याच्यापुढे. काउंटर सोडून उठायचं असेल तर वाचकांसाठी विंडोजचं वेगळं खातंच काढा.

त्या खात्यात क्रोम गेस्ट मोडमध्येच, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या तात्पुरत्या खिडकीतच उघडावं. क्रोमच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’च्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून दोन डॅश, त्यांना जोडून इंग्रजीत ‘गेस्ट’, मग पुन्हा जागा सोडून फळ्याची लिंक. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की थेट फळा येतो, आणि गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की इतिहास आणि लॉगिन दोन्ही पुसले जातात. डाउनलोड मात्र पुसलं जात नाही! कुणाचा आधार, कुणाचा उत्पन्नाचा दाखला तसाच फोल्डरमध्ये पडून राहतो. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते फोल्डर रिकामं करायचं आणि रिसायकल बिनही. यात हयगय नको.

असल्या साधनांचा भरवसा धरू नये. गूगलचं आवडीप्रमाणे मांडायचं पहिलं पान, आयगूगल, १ नोव्हेंबर २०१३ ला बंद झालं, दुवे जपून ठेवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला. म्हणून सगळ्या चौकटींची यादी गूगल शीटमध्येही असू द्या: नाव, पत्ता, कधी तपासलं. शीट सगळ्यांना फक्त बघायला द्या, बदलायची परवानगी एकदोघांनाच. कुणी गडबड केलीच तर आवृत्ती इतिहासातून जुनी शीट परत आणता येते.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी प्रत्येक चौकट दाबून बघते. निकाल आणि प्रवेशाच्या दिवसांत मात्र दर आठवड्याला बघावं, कारण नेमक्या त्याच वेळी साइटची पानं हलतात.