दिवाळी अंकाच्या संपादकाशी पत्रव्यवहार

दिवाळी अंकासाठी लिहू इच्छिणाऱ्या मुक्त लेखकाने संपादकाला पहिले पत्र उन्हाळ्यातच पाठवावे, कारण अनेक अंकांचे विषय व लेखक पावसाळ्याच्या सुरुवातीला ठरू लागतात आणि गणपतीनंतर आलेल्या चांगल्या लेखालाही जागा मिळणे अवघड होते. त्याआधी त्या अंकाची मागील दोन-तीन वर्षे चाळून पाहावीत.

पत्रात विषय मोघम नसावा. 'कोकणातील मासेमारीवर लिहीन' एवढ्यावरून संपादकाला काहीच ठरवता येत नाही. 'यांत्रिक बोटींवरची मोठी पर्ससीन जाळी आल्यानंतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, ओढणाऱ्यांच्या कामात काय बदलले, हे मालवणच्या रापणकरांशी बोलून सुमारे २५०० शब्दांत लिहीन आणि लेख ३० जूनपर्यंत देईन' असे लिहिले की होकार किंवा नकार देणे सोपे जाते. लेख अप्रकाशित असल्याचे नमूद करावे. तोच लेख एकाच वेळी दोन अंकांकडे पाठवू नये. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि सोबत पीडीएफ जोडावी, म्हणजे फॉन्ट बदलताना तुटलेली जोडाक्षरे ताडून पाहता येतात.

महिनाभरात उत्तर न आल्यास एकदाच नम्र स्मरणपत्र पाठवावे आणि तरीही मौन राहिले, तर लेख इतरत्र देत असल्याचे कळवून मोकळे व्हावे.

खरा कस लागतो तो संपादकाच्या सूचना आल्यावर. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी त्यांच्या लिखाणाबद्दल बारकाईने चर्चा करीत, आणि अशी दखल मिळणे हे लेखकाचे भाग्यच मानावे. शुद्धलेखनाच्या व अंकाच्या शैलीच्या दुरुस्त्या विनातक्रार स्वीकाराव्यात. मात्र काटछाटीने अर्थ बदलत असेल, तर केवळ नाराजी न कळवता ते वाक्य उद्धृत करावे, आक्षेपाचे कारण एका ओळीत सांगावे आणि पर्यायी वाक्य स्वतः लिहून द्यावे. अंतिम मुद्रिते (प्रुफे) पाहायला मिळतील का, हेही तेव्हाच विचारावे.

मानधनाविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. लेख स्वीकारल्याचे कळताच रक्कम, ती मिळण्याची मुदत आणि हक्कांची व्याप्ती लेखी विचारून घ्यावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाकडेच साधारणपणे लेखाचा प्रथम हक्क असतो, हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसहच करावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून 'केवळ या छापील अंकापुरती परवानगी' हे शब्द होकाराच्या पत्रातच घालावेत. ई-आवृत्ती किंवा ध्वनिरूपासाठी वेगळी बोलणी करावीत.