फेसची मदिना वरून खाली उतरत बघा

मोरोक्कोची पॅकेजेस बघाल तर त्यात मराकेश असतं, वाळवंटातली उंटाची रपेट असते, शेफशावेनच्या निळ्या गल्ल्या असतात, आणि फेसला मात्र एकच रात्र. सकाळी गाईडच्या मागे चार तास पळायचं आणि दुपारी बसमध्ये बसायचं. प्लीज असं करू नका. उत्तर मोरोक्कोतलं हे शहर इद्रिस पहिला याने ७८९ साली नदीच्या एका काठावर वसवायला घेतलं, मग त्याच्या मुलाने, म्हणजे इद्रिस दुसरा याने, समोरच्या काठावर वसवलं, आणि त्यातला जुना भाग, फेस अल-बाली, म्हणजेच मदिना (तटबंदीतलं जुनं शहर), १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण तिथे सगळं काचेत ठेवलेलं नाहीये, लोक राहतात, पोरं दप्तर घेऊन शाळेत जातात, तांब्याची भांडी ठोकली जातात, चामडं रंगवलं जातं. हे बघायला कमीत कमी तीन रात्री द्या.

आधी जायचं कसं ते. मुंबईहून सोपं म्हणजे दुबई, दोहा किंवा अबुधाबीला विमान बदलून कॅसाब्लांका, एअरपोर्टवरूनच ट्रेनने कासा व्हॉयाजर स्टेशन आणि तिथून फेसची ट्रेन, साधारण चार तास. गाड्या चांगल्या आहेत, शक्यतो फर्स्ट क्लास काढा कारण त्यात सीट नंबर मिळतो आणि एवढ्या लांबच्या विमानप्रवासानंतर जागेसाठी धावपळ नको वाटते. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, ई-व्हिसाची सोय आहे, फक्त अर्ज सरकारी साइटवरच करा, एजंटांच्या सारख्या दिसणाऱ्या साइट खूप आहेत. दिरहम मुंबईत घ्यायच्या भानगडीत पडू नका, ते चलन देशाबाहेर सहसा मिळतच नाही, युरो किंवा डॉलर न्या आणि तिथे बदला, नाहीतर एटीएम वापरा (निघायच्या आधी कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या). एक दिरहम साधारण आठ ते दहा रुपये धरून चाला. मदिनेत जवळजवळ सगळा व्यवहार रोखीने होतो आणि सुट्टे पैसे सोन्यासारखे जपा.

कधी जायचं? दिवाळीची सुट्टी उत्तम, एप्रिलही छान. मे संपत आला की ऊन तापतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीलाही जातो, तेव्हा लहान मुलं आणि आईबाबांना घेऊन अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत चक्क थंडी असते आणि जुन्या रियाद, म्हणजे मधे अंगण असलेली घरं, आतून फार गार पडतात, हीटर आहे का ते बुकिंगच्या आधीच विचारा. रमजानमध्ये दिवसा खाण्याची पंचाईत होते. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बरीच दुकानं बंद होतात, काही दिवसभर उघडतच नाहीत, त्यामुळे खरेदीचा दिवस शुक्रवारी ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. मदिनेत रस्ता चुकणार, हजारो गल्ल्या आहेत, काही इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. दोन्हीकडे उंच भिंती, त्यामुळे मोबाईलवरचा तो निळा ठिपका कुठेही उड्या मारतो. म्हणून मॅपपेक्षा उतार लक्षात ठेवा. मदिना खोलगट भागात वसलीये, पश्चिमेला बाब बू जलूद हा दरवाजा उंचावर आणि नदीकडचा रसीफ चौक खाली. कुठेही हरवलात तर फक्त एवढंच बघा की पायाखालची वाट चढतेय की उतरतेय, चढत राहिलात तर बहुतेक वेळा बू जलूदच्या बाजूला लागाल, उतरत राहिलात तर रसीफच्या बाजूला, आणि दोन्हीकडे टॅक्सी मिळते. गल्ली बंद निघाली तर मागे फिरायचं, बस.

आणि याच उताराचा फायदा ज्यांच्याबरोबर गुडघे दुखणारे आईबाबा, काका-मावशी आहेत त्यांनी घ्यायचा. सकाळी टॅक्सीने वर बू जलूदला उतरायचं, दिवसभर बघत बघत खाली यायचं, आणि रसीफला टॅक्सी पकडून परत हॉटेलवर. चढायचंच नाही. टूरवाले लोकांना वरखाली दोन्ही चालवतात आणि म्हातारी माणसं दुपारपर्यंत गळून जातात, तसं करायची काहीच गरज नाही. शहरातल्या टॅक्सी लाल रंगाच्या छोट्या गाड्या असतात, मीटरने चालतात, मीटर टाकायला सांगा, रात्री भाडं दीडपट होतं. एका गाडीत तीनच जण बसवतात, चौघांचं कुटुंब असेल तर दोन टॅक्सी धरूनच चला.

बाब बू जलूदचा आत्ताचा दरवाजा तसा नवीन, १९१३ चा, बाहेरून निळा आणि आतून हिरवा. आत शिरल्यावर दोन मोठ्या वाटा फुटतात, डावीकडची तला कबीरा आणि उजवीकडची तला सगीरा, दोन्ही खालीच जातात. पहिल्यांदा तला कबीरा घ्या. लगेच बू इनानिया मदरसा लागतो, चौदाव्या शतकाच्या मध्यात मरिनिद घराण्यातला सुलतान अबू इनान याने बांधलेला. मुस्लिम नसलेल्यांना मोरोक्कोत बहुतेक मशिदींत जाता येत नाही, पण या मदरशाच्या अंगणात तिकीट काढून जाता येतं, म्हणून हा चुकवू नका. आत गेलात की भिंत खालून वर वाचायची: खाली रंगीत फरशीच्या तुकड्यांचं झेलिज, त्याच्या वर चुन्यातलं कोरीव काम, आणि सगळ्यात वर देवदाराचं काळपट लाकूड. एकदा हा क्रम डोळ्यात बसला की पुढे शहरात प्रत्येक जुन्या इमारतीत तुम्हाला तो दिसायला लागतो. बाहेर समोरच्या भिंतीवर ओळीने खिडक्या आणि बाहेर आलेली लाकडं दिसतात, ते त्याच काळातलं पाण्यावर चालणारं घड्याळ होतं.

तिथून खाली गर्दी वाढत जाते. भुलेश्वरला सणाच्या आदल्या दिवशी जशी हातगाडीवाल्याला वाट द्यावी लागते तशी इथे खेचरांना द्यायची. आत गाड्या येतच नाहीत, गॅसचे सिलेंडर, कोल्ड्रिंकचे क्रेट, चामड्याचे गठ्ठे सगळं खेचर आणि गाढवांच्या पाठीवर. मागून "बलाक, बलाक" ऐकू आलं की मागे वळून बघत बसू नका, आधी भिंतीला लागा. लहान मुलांचा हात धरून त्यांना भिंतीच्या बाजूला ठेवा. या जनावरांकडे बघून जीव तुटतो हे खरंय, ज्यांना तसं वाटेल त्यांनी हे जाणून घ्या की फेसमध्ये अमेरिकन फोंडूक नावाचा जनावरांचा दवाखाना १९२० च्या दशकापासून चालू आहे आणि तिथे कामाच्या जनावरांवर फुकट उपचार होतात. देणगी द्यायची असेल तर तिथे द्या, गल्लीत फोटोसाठी पैसे मागणाऱ्याला देण्यापेक्षा ते नक्कीच बरं.

खाली अत्तारीनचा बाजार, मसाले, गुलाबाच्या वाळलेल्या कळ्या, आणि टोकाला अत्तारीन मदरसा, १३२३ ते १३२५ मध्ये बांधलेला. छोटा आहे पण मला बू इनानियापेक्षा जास्त आवडतो, कारण इथे जागा कमी म्हणून कारागिराने एकही हातभर भिंत सोडलेली नाही. सकाळी उघडताक्षणी जा, अकरानंतर ग्रुप येतात. त्याला लागूनच करविय्यीन, मशीद आणि विद्यापीठ, परंपरेनुसार ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने वारशात मिळालेल्या पैशातून उभारलेली. कैरवानहून, म्हणजे आजच्या ट्युनिशियातून, आलेल्या कुटुंबातली बाई, नवव्या शतकात, आणि तिने उभं केलेलं विद्येचं ठिकाण अजून चालू आहे! मुस्लिम असाल तर आत जा, नसाल तर नमाजाच्या वेळेला दारं उघडी असतात तेव्हा बाहेरून अंगण दिसतं, शांतपणे बघा, नमाज पढणाऱ्यांचे फोटो काढू नका. मग सफारीन चौकात तांबटांची ठोकाठोक ऐकत एक पुदिन्याचा चहा घ्या. साखर भरपूर असते, कमी हवी तर आधीच सांगा.

चामड्याची चुआरा टॅनरी इथून जवळच. ती वरून बघायची असते, भोवतीच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून, दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, ती नाकाशी धरा. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते, चुन्याने केस सुटतात आणि विष्ठेने कातडं मऊ पडतं, मग रंगाच्या हौदांत माणसं मांडीपर्यंत उतरून ते पायाने तुडवतात. वास खरंच जबरदस्त येतो, पण त्या माणसांचं दिवसभराचं काम तेच आहे, त्यामुळे नाक मुरडून सेल्फी काढण्याऐवजी दहा मिनिटं नीट बघा. गच्चीवर जाण्याबद्दल खरेदीची सक्ती नाही, काही घ्यायचं नसेल तर थोडे दिरहम द्या आणि निघा. घ्यायचंच असेल तर मनात आकडा ठरवून जा, तेवढ्यात मिळालं तर घ्या, नाहीतर हसून "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणा.

हेच दोन शब्द गल्लीतल्या पोरांनाही. "हा रस्ता बंद आहे", "टॅनरी फक्त आजच उघडी आहे" असं सांगत कोणीतरी बरोबर चालायला लागतो आणि शेवटी पैसे मागतो. रस्ता बहुतेक वेळा बंद नसतो. वाट विचारायची असेल तर दुकानात बसलेल्या माणसाला विचारा, तो दुकान सोडून तुमच्याबरोबर येणार नाही. पहिल्या दिवशी गाईड हवा असेल तर रियादमधून सांगून बॅज असलेला सरकारमान्य गाईड घ्या आणि "शॉपिंग नको" हे निघायच्या आधीच स्पष्ट करा.

खाण्याचं. शाकाहारी लोकांना सांगते, उपाशी राहणार नाही पण विचारून खावं लागेल, भाजीचा ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) किंवा कुसकुस (वाफवलेला गव्हाचा रवा) म्हटलं तरी रस्सा मटणाचा असू शकतो आणि हरीरा सूपमध्येही बरेचदा मांस असतं. "बिला लहम" म्हणजे मांसाशिवाय, हे म्हणायला शिका. बिनधास्त खाता येणारं म्हणजे सकाळची बिसारा, सुक्या बाकल्याचं घट्ट सूप, वर ऑलिव्ह ऑइल आणि जिरेपूड, सोबत गरम खुब्ज, म्हणजे तिथला पाव. शिवाय वांग्याचं झालूक, जे आपल्या भरीताच्या माणसाला नक्की आवडेल, आणि तव्यावरची पदरांची मसेमन मधाबरोबर. मांसाहारी असाल तर बस्तीला खाच, पातळ पापुद्र्यात कबुतर किंवा चिकन, बदाम, आणि वरून पिठीसाखर आणि दालचिनी. ऐकायला विचित्र वाटतं, लागतं फार सुंदर. घरून मेतकूट आणि चिवडा न्याच, रात्री उशिरा पोचलात तर कामाला येतो.

राहायला बू जलूद, बथा किंवा ऐन अझलितेनच्या आसपास रियाद बघा, टॅक्सी जवळ येते. आत खोलवरची रियाद फोटोत सुंदर दिसते पण बॅगा घेऊन पायऱ्या उतरायच्या असतात, हातगाडीवाला बोलवावा लागतो, त्याचा भाव आधी ठरवा. मालकाला दरवाज्यापर्यंत घ्यायला माणूस पाठवायला सांगितलं तर बहुतेक पाठवतात.

संध्याकाळी एकदा टॅक्सीने मरिनिद थडग्यांच्या टेकडीवर जा, पूर्ण मदिना एका नजरेत दिसते आणि दिवसभर चाललेला उतार कुठला ते तिथून कळतं. टॅक्सीला थांबवून ठेवा, अंधारात तिथून चालत खाली येऊ नका. एक अर्धा दिवस १२७६ मध्ये वसवलेल्या फेस अल-जदीदला द्या, राजवाड्याचे पितळी दरवाजे (आत जाता येत नाही) आणि शेजारचा मेल्लाह, जुना ज्यू मोहल्ला, त्यातलं सतराव्या शतकातलं इब्न दनान सिनेगॉग. कुंभारांच्या ऐन नोकबी भागातही जा, निळी फेसी भांडी तिथे बनतात आणि भट्टीत जळण म्हणून ऑलिव्हच्या बिया वापरतात.

चौथा दिवस असेल तर ट्रेनने मेकनेस, तासाभराच्या आत पोचता, तिथून ग्रँड टॅक्सी (शहराबाहेर जाणारी मोठी टॅक्सी) ठरवून वोलुबिलिसचे रोमन अवशेष. शेफशावेनला मात्र ट्रेन नाही, सीटीएम या कंपनीची बस साधारण चार तास घेते, तिकीट आदल्या दिवशीच काढा, सीझनमध्ये गाड्या भरतात, आणि डिकीतल्या बॅगेचे थोडे दिरहम काउंटरवर वेगळे भरावे लागतात त्यामुळे गाडी सुटायच्या अर्धा तास आधी पोचा.